जेजूचा ज्वालामुखी किनारा बसच्या आधाराने चालताना: आधी शेवट ठरवा, मग सुरुवात

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर किनाऱ्याने चालायला जाणारी मंडळी बहुतेक एकाच जागी चुकतात. सकाळची बस कोणती, हे आधी शोधतात. परतायचं कुठून आणि किती वाजता, हा विचार मात्र पाय दुखायला लागल्यावर सुरू होतो. तोवर भरती चढलेली असते, कड्याखालची वाट बंद झालेली असते आणि जवळचा बसथांबा दीड किलोमीटर आत असतो.

या चालण्याला दोन घड्याळं असतात. एक समुद्राचं, दुसरं बसचं. समुद्राचं आपल्याला हलवता येत नाही, म्हणून आखणी तिथून सुरू करायची. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. क्रम मोडू नका; गडबड होते ती बहुतेक क्रम चुकल्यानेच.

टप्पा १: पट्टा निवडा

बेटाभोवती ओल्ले नावाची आखलेली पायवाट आहे. एकूण २७ मार्ग, मिळून सुमारे ४३७ किलोमीटर. मार्गांचे क्रमांक पूर्वेच्या टोकापासून सुरू होतात आणि दक्षिण, पश्चिम, उत्तर असे बेटाला वळसा घालतात. हे सगळे मार्ग किनाऱ्याचे नाहीत. काही संत्र्यांच्या बागांतून, काही दाट झाडीतून आतल्या आत जातात. "ओल्ले चालायचं" एवढं ठरवून निघालात, तर दिवसभर समुद्र न दिसणंही शक्य आहे.

बसचं गणित त्यामानाने सोपं आहे. बेटाला फेरी मारणारा ११३२ क्रमांकाचा इल्जू रस्ता आहे. त्याच्या पूर्व अर्ध्यावर २०१ आणि पश्चिम अर्ध्यावर २०२ क्रमांकाची बस धावते. दोन्ही बस उत्तरेचं जेजू शहर आणि दक्षिणेचं सोग्वीपो यांना जोडतात. आत गावोगाव जाणाऱ्या शाखा बस आहेत, पण त्यांच्या फेऱ्या कमी. म्हणून माझा नियम असा: ज्या पट्ट्याची दोन्ही टोकं एकाच मुख्य बसच्या वाटेवर आहेत, तोच पट्टा घ्या. मग चालण्याची दिशा ऐनवेळी उलटवता येते. ही सोय पुढे किती उपयोगी पडते ते तिसऱ्या टप्प्यात दिसेल.

या नियमात बसणारे आणि ज्वालामुखीची करणी डोळ्यांसमोर ठेवणारे तीन पट्टे:

*मार्ग १०, ह्वासुन ते मोसुल्पो, सुमारे १५.६ किलोमीटर.* दोन्ही टोकांना २०२ मिळते. वाटेत ३९५ मीटर उंचीचा सानबांगसान हा घट्ट लाव्हाचा घुमट, त्याच्या पायथ्याशी योंगमोरीचा थराथरांचा किनारा, पुढे सागे गावाची किनारपट्टी आणि मग सोंगाकसानचं विवर. एकच दिवस हातात असेल तर हाच पट्टा घ्या.

*मार्ग १२ चा शेवटचा भाग, गोसान ते योंगसू.* बसथांब्यापासून बसथांब्यापर्यंत सात-आठ किलोमीटर धरा. सुवोलबोंगचा कडा यातच येतो. अर्ध्या दिवसासाठी आणि नवख्यांसाठी हा उत्तम.

*मार्ग १, सिहुंग ते ग्वांगचिगी, सुमारे १५ किलोमीटर.* सुरुवातीला दोन बुटक्या ज्वालामुखी टेकड्या, मग किनारा आणि समोर सोंगसान इल्चुलबोंग हा १८२ मीटरचा ज्वालामुखी डोंगर. इल्चुलबोंगच्या माथ्यावर जायचं असेल तर महिन्याचा पहिला सोमवार टाळा. त्या दिवशी चढाईची वाट बंद असते.

> तपासा: निवडलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांपासून मुख्य रस्त्यावरचा थांबा किती दूर आहे, हे नकाशावर मोजलंत का? ओल्लेच्या मार्गाची लांबी थांब्यापासून मोजलेली नसते. दोन्ही टोकांना मिळून एक-दोन किलोमीटर सहज वाढतात.

टप्पा २: वारा पाहून दिशा ठरवा

जेजूचा वारा ही किरकोळ बाब नाही. हिवाळ्यात वायव्येकडून थंड आणि जोरकस वारा सुटतो. पश्चिम किनाऱ्यावरचे मार्ग क्रमांकांच्या दिशेने चालले, तर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणं होतं, म्हणजे तो वारा तोंडावर घेत दिवस काढायचा. हे टाळणं सोपं आहे: उलट चाला. ओल्लेवर दोन्ही दिशांच्या खुणा आहेत. निळा बाण सुलट दिशेचा, नारिंगी बाण उलट दिशेचा. नारिंगी बाणांनी चालण्यात कमीपणा काहीच नाही, पण बरेच जण "क्रमाने" चालण्याच्या हट्टापायी दिवसभर डोळ्यांत वाळू झेलत राहतात.

जूनच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंत पावसाळी हवा असते आणि साधारण सप्टेंबरपर्यंत टायफूनची शक्यता राहते. टायफून बेटावर यायच्या आधीच त्याच्या लांबलचक लाटा किनाऱ्यावर पोचतात. वर आकाश निळं आणि खाली समुद्र खवळलेला, असं तेव्हा दिसतं. अशा दिवशी किनाऱ्याचा पट्टा सोडून आतला मार्ग घ्या.

टप्पा ३: भरती-ओहोटीची वेळ लिहून घ्या

बहुतेक जण गाळतात तो टप्पा हाच. ओल्लेचा बराचसा भाग भरतीतही चालता येतो, पण बघण्यासारखी नेमकी ठिकाणं पाण्याच्या पातळीवर असतात. योंगमोरीची वाट समुद्राला लागून कड्याच्या कुशीतून जाते. तिला तिकीट आहे, आणि भरती किंवा लाटा असतील तर दार उघडतच नाही. ग्वांगचिगीचे हिरव्या शेवाळाचे खडक ओहोटीलाच उघडे पडतात.

कोरियाची जलसर्वेक्षण संस्था रोजची भरतीची कोष्टकं प्रसिद्ध करते. कोष्टक बघताना जवळचं बंदर निवडा. मार्ग १० साठी मोसुल्पो किंवा सोग्वीपो, मार्ग १ साठी सोंगसान. जेजू शहराच्या वेळा दक्षिण किनाऱ्याला लावू नका. तिथीला पाऊण तासाने गुणून भरती काढण्याचा कोकणातला हिशोबही इथे चालणार नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची चंद्रामागची दिरंगाई वेगळी असते. मात्र उधाण आणि भांग यांचा नियम इथेही तोच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास कमी. रोजची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून चार दिवसांपूर्वी कुणी सांगितलेली वेळ आज निरुपयोगी.

आता दिशा उलटवण्याचा फायदा पाहा. समजा ओहोटी दुपारी तीनला आहे. ह्वासुनहून सकाळी नऊला निघालात तर दहा-साडेदहालाच योंगमोरीपाशी पोचाल, तेव्हा पाणी वर असेल आणि वाट बंद. तोच पट्टा मोसुल्पोहून सुरू करा. सोंगाकसान आणि सागे मागे टाकून दीड-दोनच्या सुमारास योंगमोरीला याल, तेव्हा पाणी उतरत असेल. बस तीच, वाट तीच, फरक फक्त टोकाचा. ओहोटी सकाळी असेल तर ह्वासुनहून सुलट चाला.

> इशारा: ओहोटी आहे म्हणजे योंगमोरी उघडं असेलच असं नाही. वारा आणि लाटा मोठ्या असतील तर ओहोटीतही बंद ठेवतात. सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विनंती करून फोनवर विचारून घ्या. बंद असेल तर त्या वाटेच्या नादी लागू नका. वरून जाणाऱ्या वाटेवरूनही थर दिसतात.

टप्पा ४: वेळ मागून पुढे मोजा

कागद घ्या आणि सर्वात खाली सूर्यास्त लिहा. जेजूत डिसेंबरमध्ये सूर्य साधारण साडेपाचच्या आत मावळतो, जूनमध्ये पावणेआठच्या आसपास. मुख्य रस्त्यावरच्या बस अंधार पडल्यावरही चालू असतात, त्यामुळे खरी मर्यादा बसची नसून उजेडाची आहे. किनाऱ्याची वाट सूर्यास्ताच्या निदान तासभर आधी सोडलेली असावी.

नोव्हेंबरच्या मध्याचा दिवस आणि मार्ग १० घेऊ. सूर्यास्त साडेपाचला, म्हणून वाट संपवायची साडेचारला. चालण्याचे साडेचार तास. जेवण आणि थांबण्याचा एक तास. योंगमोरीसाठी पाऊण तास. चुकामुकीसाठी राखीव पाऊण तास. बेरीज सात तास, म्हणजे पहिलं पाऊल साडेनऊला पडायला हवं. सोग्वीपोहून ह्वासुनपर्यंत बसला तासभर धरा आणि थांब्यापासून वाटेपर्यंतचं चालणं वेगळं. मोसुल्पोहून सुरू करणार असाल तर बसचा वेळ आणखी वाढवा. सकाळची बस कोणती हे आत्ता, या शेवटच्या ओळीवर ठरतं.

वेगाचा अंदाज नीट करा. गड चढायची सवय असलेल्यांना हा किनारा सपाट वाटतो आणि ते ताशी पाच किलोमीटर धरतात. डांबर आणि काँक्रीटवर चार ठीक आहे. गोट्यांच्या किनाऱ्यावर आणि उघड्या लाव्हावर दोन-अडीचच्या वर जाता येत नाही, कारण प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं.

> तपासा: वाटेच्या मध्यावर बाहेर पडायची एक जागा ठरवली आहे का? मार्ग १० वर ती सागे. ठरलेल्या वेळेच्या तासभर मागे पडलात, तर तिथेच चालणं थांबवा.

टप्पा ५: पिशवी भरा

पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. बेटाचा बेसॉल्ट सच्छिद्र आहे. पाऊस मुरून जातो आणि ओढ्यांची पात्रं बहुतेक काळ कोरडी असतात. मुरलेलं पाणी अगदी समुद्रकाठी झऱ्यांच्या रूपात वर येतं, पण ते प्यायच्या भरवशाचं समजू नका. गावांत दुकानं लागतात. सोंगाकसाननंतर मोसुल्पोकडे जाताना मात्र उघडी शेतं आणि जुनी लष्करी धावपट्टी आहे, तिथे सावलीही नाही.

बुटांबाबत दोन टोकाच्या चुका होतात. सँडल घालून गेलात तर लाव्हाच्या धारदार कडा बोटं सोलून काढतात. उलट, जाड डोंगरी बूट घातले तर काँक्रीटच्या लांब पट्ट्यांवर फोड येतात, कारण ओल्लेचा मोठा भाग गावरस्त्यांवरून जातो. मधला मार्ग चांगला: टणक तळव्याचे, बोटांना पुढून संरक्षण असलेले, हलके ट्रेल बूट. सोबत मोज्यांचा एक जादा जोड आणि पातळ हातमोजे. खडबडीत लाव्हावर तोल गेला की आधी तळहात टेकतो, आणि ती जखम दिवसभर ठुसठुसते.

छत्री नको. वारा ती उलटी करतो. वाराबंद जॅकेट आणि हनुवटीखाली बांधता येणारी टोपी घ्या.

मोठी बॅग मुक्कामाच्या ठिकाणी ठेवा. रोज पुढे सरकत जाणार असाल तर सामान पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या सेवा बेटावर आहेत.

टप्पा ६: बस पकडा

आदल्या दिवशीच टी-मनी, म्हणजे बसभाड्याचं प्रीपेड कार्ड, घ्या आणि त्यात पैसे भरून ठेवा. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये दोन्ही कामं होतात. भरण्यासाठी रोख वॉन जवळ असू द्या. चढताना कार्ड लावायचं आणि उतरतानाही लावायचं. उतरल्यापासून ४० मिनिटांच्या आत दुसरी बस धरली तर बदलीचं भाडं लागत नाही, आणि अशी बदली दोनदा करता येते. उतरताना कार्ड लावायचं राहिलं की ही सवलत गेली.

नकाशासाठी नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप वापरा. बसची सध्याची जागाही त्यात दिसते. चढायच्या आणि उतरायच्या थांब्यांची नावं कोरियन लिपीत स्क्रीनशॉट काढून ठेवा. चालकाला इंग्रजी उच्चारापेक्षा ते दाखवलेलं पटकन समजतं.

थांब्यावर होणाऱ्या चुका:

* चुकीची बाजू. इथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून धावतात आणि समोरासमोरच्या दोन थांब्यांना बहुधा एकच नाव असतं. डाव्या बाजूच्या सवयीने उभे राहिलात तर बस समोरून निघून जाईल. ज्या दिशेला जायचं त्या दिशेला तोंड करा; तुमच्या उजव्या हाताला येईल तो तुमचा थांबा.
* हात न करणं. गावातल्या थांब्यावर नुसतं बसून राहिलात तर बस थांबेलच असं नाही. बस दिसताच उभे राहा, हात करा.
* क्रमांकाची शेपटी न बघणं. २०२ आणि २०२-१ यांसारख्या बस एकच समजू नका. मूळ आकडा सारखा असला तरी वाट वेगळी असू शकते.
* सोग्वीपोचं टर्मिनल. सोग्वीपो बस टर्मिनल वर्ल्ड कप स्टेडियमशेजारी आहे. जुन्या शहरातल्या सेंट्रल रोटरीपासून ते बरंच पश्चिमेला पडतं. मुक्काम जुन्या शहरात असेल तर बस तिथूनच धरा, टर्मिनलला जायची गरज नाही.

> तपासा: उतरल्यावर लगेच चालू लागू नका. रस्ता ओलांडा, परतीचा थांबा शोधा, त्याचा फोटो घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. दिशा ऐनवेळी उलटवावी लागली तर तो फोटो कामी येतो.

टप्पा ७: खुणांमागे चाला

ओल्लेच्या खुणा भरपूर आहेत: झाडांना आणि खांबांना बांधलेल्या निळ्या-नारिंगी फितींच्या जोड्या, दगडांवर आणि भिंतींवर रंगवलेले बाण, आणि घोड्याच्या आकाराचे निळे फलक. घोड्याचं तोंड जिकडे, तिकडे सुलट वाट. उलट चालत असाल तर हे ध्यानात ठेवा, नाहीतर प्रत्येक फलकापाशी गोंधळाल.

बराच वेळ एकही खूण दिसली नाही तर पुढे जाऊन शोधू नका. शेवटची खूण जिथे दिसली होती तिथे परत जा. पुढे जाऊन शॉर्टकट काढणारे हमखास कुणाच्या तरी बागेत शिरतात. संत्री झाडाखाली पडलेली असली तरी ती मालकाची आहेत.

किनाऱ्यावरचं उथळ पाणीही मोकळं नाही. तिथे हेन्यो, म्हणजे श्वास रोखून बुडी मारणाऱ्या बायका, शंख-शिंपले काढतात. ती गावाच्या मच्छीमारीची जागा आहे. खडकावरून काहीही गोळा करू नका आणि त्यांनी वाळत घातलेल्या समुद्रशेवाळावरून चालू नका. लाव्हाचे दगडही खिशात टाकू नका. जेजूचे नैसर्गिक दगड परवानगीशिवाय बेटाबाहेर नेण्यास बंदी आहे.

टप्पा ८: काळ्या खडकावर उतरताना

उतरण्याआधी दहा मिनिटं समुद्र पाहा. घड्याळ लावून. लाटा सारख्या नसतात. बराच वेळ लहान लाटा येतात आणि मग दोन-चार मोठ्या. खडकावरची ओली रेघ कुठवर पोचली आहे ते बघा आणि तिच्या बरंच वर राहा. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून उभं राहणं ही इथली सगळ्यात धोकादायक सवय.

कोरडा, करडा, भोकाभोकांचा बेसॉल्ट बुटाला घट्ट धरतो. तोच ओला होऊन काळाभोर चमकू लागला, किंवा त्यावर हिरवी झाक आली, की पाय टिकत नाही. पाऊल सपाट टाका, टाचेवर नको, आणि वजन देण्याआधी दगड हलतो का ते चाचपा.

सुवोलबोंगला धोका खालून नाही, वरून आहे. हा ७७ मीटरचा उंचवटा सुमारे १८,००० वर्षांपूर्वी तापलेला लाव्हा आणि पाणी भिडून झालेल्या स्फोटांच्या राखेचा बनला आहे. कड्याखालच्या वाटेवर उभं राहून थर नीट बघा. बोटभर जाडीच्या सरळ रेघा एका ठिकाणी अचानक खाली दबलेल्या दिसतात, आणि त्या खळग्यात एक काळा दगड रुतलेला असतो. स्फोटात वर उडालेला तो दगड मऊ राखेवर येऊन आदळला, तो क्षण तिथे तसाच आहे. हे बघायला वेळ ठेवाच. पण बघायचं ते वाटेच्या समुद्राकडच्या कडेला उभं राहून. राखेचे थर ठिसूळ असतात आणि कड्यातून दगड सुटतात. पायथ्याशी ताज्या, टोकदार कडांचे तुकडे पडलेले दिसले तर तिथे थांबू नका, आणि दरडीमुळे वाट बंद असल्याचा फलक असेल तर वरच्या रस्त्याने जागुने बंदराकडे जा.

> इशारा: एकटे असाल तर वाट सोडून खडकावर उतरू नका. उंच-सखल लाव्हाच्या आड पडलेला माणूस वरच्या वाटेवरून दिसत नाही.

टप्पा ९: बाहेर पडा

वाट संपली की आधी बसची जागा नकाशावर बघा, मग कॉफी. शाखा बसवर अवलंबून असाल तर हा क्रम अजिबात उलटवू नका. पुढची फेरी तासाभराने किंवा त्याहून उशिरा असू शकते. तेवढ्या वेळात मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाणं बहुतेक वेळा परवडतं, पण अंधार पडला असेल तर नाही. इल्जू रस्त्यावर गाड्या वेगात असतात आणि गावाबाहेर सगळीकडे पदपथ नाही. मोसुल्पोसारख्या गावात टॅक्सी मिळते. एकाकी थांब्यावर अडकलात तर काकाओ टी ॲपवरून बोलवा.

दुखापत झाली तर ११९, पोलिसांसाठी ११२. भाषेची अडचण असेल तर १३३० ही पर्यटकांसाठीची मदतवाहिनी आहे, तिथे इंग्रजीत बोलता येतं. फोन करताना सर्वात जवळचं गाव आणि शेवटचा दिसलेला ओल्ले फलक सांगा. म्हणून चालताना अधूनमधून फलकांचे फोटो काढत राहा. फोटोवरची वेळ आणि जागा तेव्हा सांगायला सोपी जाते.

बसमध्ये चढण्याआधी बूट झटका, आणि उतरताना कार्ड लावायला विसरू नका.